एम.ए. करून काय दिवे लावणार?

गेल्या महिन्यात सांगलीला लग्नाला गेले होते. आपल्याकडे लग्नात अक्षता पडल्या की नवरानवरीपेक्षा इतरांचीच चौकशी जास्त होते. यावेळी पाळी माझी होती. मी एम.ए. करतेय, तेही लोकप्रशासनात, ही बातमी कुणीतरी आधीच पोचवली होती. मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन मामांनी सगळ्यांदेखत विचारलं, "आता चव्वेचाळिसाव्या वर्षी एम.ए. करून काय दिवे लावणार गं?"

सगळे हसले, मीही हसले. मामांना उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. पण मग त्यांनी माझ्या भाच्याकडे मोर्चा वळवला. हा पोरगा पुण्यात चार वर्षं अभ्यासिकेत बसून परवा साताऱ्याला परत आलाय. मामा त्याला म्हणाले, "तू मात्र आत्याच्या नादी लागू नकोस. पोस्ट मिळाली नाही की लोक हे असले विषय घेतात." पोरगं मान खाली घालून जिलेबी चिवडत बसलं.

तिथे गप्प बसले, म्हणून आज इथे लिहितेय. मामा, तुमची सून हे वाचते आणि तुम्हाला वाचून दाखवते हे मला माहीत आहे. तेव्हा राग मानू नका, पण शेवटपर्यंत ऐका.

आधी तुमचं जे खरं आहे ते मान्य करते. या पदवीने नोकरी मिळत नाही. राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते. पूल बांधणाऱ्याला स्थापत्य शिकावं लागतं, इंजेक्शन देणाऱ्याला वैद्यक शिकावं लागतं, पण अख्खा तालुका ज्याच्या सहीवर चालतो त्याने प्रशासन हा विषय आधी शिकलेला असावा अशी अट नाही. निवड झाल्यावर यशदासारख्या संस्थेत प्रशिक्षण होतं, बाकीचं काम अंगावर पडलं की येतं. मग आपण उगाच का शिकायचं, असं तुमचं म्हणणं.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. प्रशासन हा फक्त साहेब होणाऱ्यांनी शिकायचा विषय आहे, हे ठरवलं कुणी? खिडकीच्या आत एक माणूस असतो आणि बाहेर शंभर. मग विषयाची गरज जास्त कुणाला?

2019 चा ऑगस्ट आठवतोय ना? आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागात मावशीच्या खोल्यांत छातीपर्यंत पाणी आलं. ती नेसत्या लुगड्यानिशी आमच्याकडे साताऱ्याला आली आणि पाणी उतरल्यावर चिखल उपसायला मी तिच्याबरोबर परत गेले. त्याच दिवसांत सरकारचा एक आदेश गाजत होता. क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असेल तर 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ. लोक संतापले, आपणही शिव्या घातल्या. पण हे दोन दिवस कुठून आले, ते मोजायचे कुणी आणि कुठल्या घड्याळावर, असा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही. सरकार म्हणजे असंच असायचं, एवढं म्हणून सोडून दिलं.

मग पंचनाम्याला एक मुलगा आला. दुसऱ्या तालुक्यातून कामाला लावलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोळे लाल. त्याने घरमालकाचं नाव लिहिलं. मी म्हटलं, "अहो, मालक मुंबईला असतात. भांडी, गाद्या, शिलाई मशीन, वाहून गेलं ते सगळं मावशीचं. ती इथे चाळीस वर्षं भाड्याने राहते." तो म्हणाला, "ताई, पटतंय मला. पण माझ्या फॉर्ममध्ये भाडेकरूचा रकानाच नाही."

तो काही वाईट मुलगा नव्हता. त्याने मावशीला स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. आम्ही अर्ज केला, रेशनकार्ड आणि लाइटबिल जोडलं. तो अर्ज एका कार्यालयात एका टेबलावर चार महिने होता. दर खेपेला साताराहून सांगली, पतसंस्थेतली एक रजा, आणि "साहेब दौऱ्यावर आहेत." शेवटी मावशीच म्हणाली, "राहू दे गं पोरी, नशिबात नव्हतं." पैसे मिळाले नाहीत. दोन वर्षांनी मावशी गेली.

2022 मध्ये मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. खरं सांगते, तेव्हा फार उदात्त असं काही डोक्यात नव्हतं. लेक हॉस्टेलला गेली, संध्याकाळ रिकामी झाली, एवढंच. पण दुसऱ्या सत्रात मायकल लिप्स्की या अमेरिकन अभ्यासकाचं नाव आलं. 1980 च्या पुस्तकात तो सांगतो ते थोडक्यात असं, की धोरण वरच्या मजल्यावर लिहिलं जात असलं तरी लोकांच्या वाट्याला येतं ते खिडकीवरच्या माणसाच्या हातून. त्याच्याकडे वेळ कमी असतो, माणसं जास्त असतात, आणि तो ज्या पळवाटा व सवयी लावून घेतो तेच शेवटी सरकारचं धोरण होऊन बसतं. रात्री साडेअकराला मी पुस्तक मिटलं. डोळ्यांसमोर तो पँट दुमडलेला मुलगा होता.

आणि पुढच्याच महिन्यात आणखी एक गोष्ट कळली. महाराष्ट्रात 2005 चा एक कायदा आहे, बदल्यांचा आणि दिरंगाईला प्रतिबंध करण्याचा. त्यात लिहिलंय की कुठल्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि मुद्दाम उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. सात दिवस, मामा! आम्ही चार महिने हेलपाटे घातले. आमच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. मावशी ज्याला नशीब म्हणाली ते आमचं अज्ञान होतं, आणि त्या टेबलाला त्या अज्ञानाची खात्री होती. कायदा दाखवला असता तर पैसे मिळालेच असते, असं मी म्हणत नाही. पण निदान काय मागायचं ते कळलं असतं.

आता कुणी म्हणेल, त्यासाठी दोन वर्षांचं एम.ए. कशाला? कायदा वाचायचा आणि माहितीचा अधिकार वापरायचा. जरूर वापरा. पण कायदा असूनही फाईल का हलत नाही, ते कायद्यात लिहिलेलं नसतं. फ्रेड रिग्ज नावाच्या अभ्यासकाने 1964 मध्येच आपल्यासारख्या देशांबद्दल मांडून ठेवलंय की कागदावरचा नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत मोठं अंतर असतं आणि त्या अंतरातच सत्ता राहते. हे समजलं की माणूस नुसता चिडत नाही, बोट कुठे ठेवायचं ते त्याला कळतं.

आणि हे सातारा-सांगलीच्या माणसांना मी सांगावं, याचंच मला हसू येतं. हे दोन जिल्हे म्हणजे या विषयाचं चालतंबोलतं पाठ्यपुस्तक! मुळात जिल्हा एकच. 1949 मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले, 1960 मध्ये दक्षिण सातारचं नाव सांगली पडलं. त्याआधी 1943 पासून याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. रेल्वे आणि खजिन्याच्या गोष्टी आपण चवीने सांगतो, पण त्या लोकांनी गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, तंटे मिटवले, कमी खर्चाची लग्नं लावली, हे पटकन आठवत नाही. ते लोकप्रशासनच होतं की! त्यांची पदवी कुणी विचारली नाही, पण राज्य चालवणं हे आपलं काम आहे, साहेबाचं नव्हे, ही समज त्यांना होती.

देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वसंतराव नाईक समिती नेमली गेली. बलवंतराय मेहता समितीने भर दिला होता पंचायत समितीवर, नाईक समितीने ताकद दिली जिल्हा परिषदेला. 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे 1984 मध्ये या व्यवस्थेचा फेरविचार करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते आपल्या सांगलीचे प्राचार्य पी. बी. पाटील. आपल्याच माणसांनी बांधलेलं घर आहे हे.

आणि त्या घराचं आपण काय केलं? मार्च 2022 मध्ये सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली. संविधानाचं कलम 243-ई सांगतं की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. तीन वर्षांहून जास्त काळ झाली नाही. आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, तारखांवर तारखा. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. तोपर्यंत सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. मामा, तुम्ही रोज दोन पेपर वाचता. या तीन वर्षांत आपल्या किती कौटुंबिक गप्पांत हा विषय निघाला? एकदाही नाही. सदस्य नाहीत हेच मुळी आपल्याला जाणवलं नाही. मला तर त्या तीन वर्षांपेक्षा या न जाणवण्याची जास्त भीती वाटते.

आता थोडं आमच्या लोकांना, म्हणजे हा विषय शिकवणाऱ्या आणि विकणाऱ्यांना. मामांना हा विषय उरलासुरला वाटतो यात तुमचाही हात आहे. गाइडमध्ये पोस्डकॉर्बची सात कामं, ल्युथर गुलिक, 1937, पाच मार्क. पोरं पाठ करतात आणि विसरतात. यूपीएससीत 2013 पासून दोनाऐवजी एकच वैकल्पिक विषय राहिला. राज्यसेवेत 2025 च्या परीक्षेपासून वर्णनात्मक पेपर आणि वैकल्पिक विषय परत आले. लगेच क्लासवाल्यांचा हिशोब सुरू, कुठला विषय 'स्कोअरिंग'. ज्या विषयाने खिडकीबाहेरच्या माणसाची बाजू समजायला हवी, तो विषय खिडकीच्या आत शिरायची शिडी होऊन बसलाय. शिडी म्हणून वापरला की चढल्यावर लाथ मारायला माणूस मोकळा! विद्यार्थ्यांना एका गावची ग्रामसभा बघायला लावा, एका अर्जाचा आवक-जावकचा प्रवास लिहायला लावा. मग गुलिकही आपोआप समजेल.

असो. फार लांबलं.

लग्नाहून परत येताना गाडीत भाचा माझ्या शेजारी बसला होता. कराड गेल्यावर हळूच म्हणाला, "आत्या, चार वर्षं मी कलमं पाठ केली. पण आपल्या गावच्या ग्रामपंचायतीचं बजेट कधी बघितलं नाही." मी त्याला एम.ए. कर म्हटलं नाही. परीक्षा सोडही म्हटलं नाही. तो त्याचा निर्णय. एवढंच म्हटलं, की येत्या ग्रामसभेला माझ्याबरोबर चल, आणि जमाखर्चाचा कागद माग. देतात का बघू.

तर मामा, दिवे लावायचं म्हणाल तर एवढाच. मावशीसारखी एखादी बाई "नशिबात नव्हतं" म्हणायला लागली की तिला सांगता यावं, नशीब नाही गं, तुझ्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. आणि तो रकाना कुणाकडे मागायचा, हेही सांगता यावं.

परीक्षा जवळ आलीय, दोन पेपर राहिलेत. पास झाले तर पेढे घेऊन सांगलीला येईन. कंदी, साताऱ्याचे. तेव्हा तरी काय उपयोग म्हणून विचारू नका.