कुठले पान शिळे होते?

"पुस्तकातून वेब डेव्हलपमेंट? कोण शिकतं आता पुस्तकातून?" ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठेही हा प्रश्न ऐकू येतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते. नौपाड्यातल्या काकांनी पुतण्याला तो सुनावलेला असतो, फडके रोडवर उभ्या असलेल्या थर्ड इयरच्या पोरांनी एकमेकांना, आणि स्टेशनबाहेरच्या क्लासमधल्या काउन्सेलर ताईंनी, फी सांगण्याआधी, सगळ्यांना. गंमत अशी की हीच गावे वाचनाचा अभिमान मिरवतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. २०१०चे साहित्य संमेलन ठाण्यात भरले, २०१७चे डोंबिवलीत. पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांचे आदानप्रदान सुरू केले, तर लोक पिशव्या भरून पुस्तके घेऊन आले. म्हणजे कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन सगळे पुस्तकातून. पोट ज्यावर भरायचे ती विद्या मात्र दीडपट वेगाने पळवलेल्या व्हिडिओतून.

तरी हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचा सगळ्यात जोरकस मुद्दा असा, की वेब रोज बदलते आणि पुस्तक छापून होईतो शिळे होते. पुरावे भरपूर आहेत. पीएचपीच्या जुन्या पुस्तकांत 'मायएसक्यूएल कनेक्ट' हे फंक्शन पानापानावर आहे. डिसेंबर २०१५मध्ये आलेल्या पीएचपी ७मधून ते काढूनच टाकले. त्या पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला तर पहिल्याच फटक्याला तो झोपतो. अँग्युलरजेएसवर ज्यांनी पैसे घातले त्यांना २०१६मध्ये अँग्युलर २ आल्यावर जवळपास नवी विद्या शिकावी लागली. रिअ‍ॅक्टमध्ये फेब्रुवारी २०१९मध्ये हुक्स आले आणि क्लास वापरून घटक लिहायला शिकवणारी पुस्तके एका रात्रीत म्हातारी दिसू लागली. जॉन डकेट यांचे एचटीएमएल-सीएसएसवरचे २०११चे देखणे पुस्तक घ्या. त्यातले पानाच्या मांडणीचे प्रकरण फ्लोटवर उभे आहे. सीएसएस ग्रिड ब्राउझरांत पोचली २०१७मध्ये. हे सगळे खरे, आणि यातले काहीही मी नाकारत नाही.

पण शिळे नेमके काय झाले ते बघा. पीएचपीचे एक फंक्शन, दोन फ्रेमवर्क, मांडणीची एक युक्ती. त्याच पीएचपीच्या पुस्तकात गेट आणि पोस्ट यांतला फरक सांगणारे जे प्रकरण आहे, ते कुठे शिळे झाले? एचटीटीपीची १.० आवृत्ती १९९६मध्ये कागदावर आली. गेट, पोस्ट, पान न सापडल्याचा ४०४ हे सगळे तिच्यात आहे. एसक्यूएलचे मूळ १९७०च्या दशकातले, आणि आजही ऐरोलीच्या कुठल्याही कंपनीत सकाळी पहिली क्वेरी सिलेक्टनेच सुरू होते. सर्नमधले पहिले संकेतस्थळ १९९१चे. त्याची जपून ठेवलेली पाने आजच्या क्रोममध्ये निमूटपणे उघडतात. हा योगायोग नाही. जुनी पाने मोडली तर लोक ब्राउझरला शिव्या देतात, म्हणून ब्राउझर बनवणारे जुने वागणे सहसा मोडत नाहीत. ब्रेंडन आइक यांनी १९९५मध्ये घाईघाईत रचलेल्या जावास्क्रिप्टचे विक्षिप्तपण म्हणूनच आजही शाबूत आहे. १०, ९ आणि १ हे आकडे एका अ‍ॅरेत घालून नुसते सॉर्ट म्हणा. उत्तर येते १, १०, ९. कारण सॉर्ट आकड्यांनाही अक्षरांसारखे लावते, आणि तुलना कशी करायची ते आपण सांगितल्याशिवाय ऐकत नाही. जावास्क्रिप्टच्या चांगल्या पुस्तकातले हे पान दहा वर्षांपूर्वीही उपयोगाचे होते आणि उद्याही राहील.

तेव्हा वेबची विद्या एका जातीची नाही. वर रंगरंगोटीचा थर, तो दर दोनतीन वर्षांनी खरवडला जातो. खाली नियमांचा आणि भाषेचा थर, तो फार सावकाश हलतो. वरच्या थरासाठी पुस्तक विकत घेऊ नये, इथवर मी विरोधकांच्या बरोबर आहे. अमुक फ्रेमवर्कची अमुक आवृत्ती शिकवणारे हजार रुपयांचे पुस्तक म्हणजे पैसे पाण्यात. त्या फ्रेमवर्कचे स्वतःचे अधिकृत दस्तऐवज फुकट आणि ताजे असतात. पण एवढ्यावरून पुस्तकच नको म्हणणे म्हणजे रेल्वेचे टाइमटेबल बदलते म्हणून नकाशाही फाडून टाकणे.

दुसरा आक्षेप व्हिडिओवाल्यांचा: "सर करून दाखवतात, आपण बघून करतो, मग अडायचं कुठे?" अडत नाही, हीच तर अडचण आहे. सरांच्या स्क्रीनवर जे होते तेच आपल्या स्क्रीनवर झाले की समजल्यासारखे वाटते, आणि व्हिडिओ पुढे सरकतो. एडिटर कसा मांडायचा, ब्राउझरमधले डेव्हलपर टूल्स कसे उघडायचे, हे बघूनच शिकावे. ते लिहून सांगायला पुस्तकाला चार पाने लागतात आणि तरी धड कळत नाही. पण एक साधा प्रयोग सांगतो. जावास्क्रिप्टला 'ठाणे' या शब्दाची लांबी विचारा. मराठी माणूस दोन म्हणेल. जावास्क्रिप्ट चार म्हणते. 'कल्याण' तीन अक्षरांचे, ती सांगते सहा. 'डोंबिवली' चार अक्षरांची, ती मोजते आठ. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे संगणकाच्या हिशेबात वेगवेगळे सुटे घटक असतात. आता नाव वीस अक्षरांपेक्षा मोठे नको अशी अट घातलेला फॉर्म एखाद्या मराठी शाळेसाठी बनवून द्या आणि बघा मुख्याध्यापिका बाई काय म्हणतात. सरांच्या व्हिडिओत नाव इंग्रजीत असते, तिथे हे उघडकीला येत नाही. पुस्तकातला व्यायाम तुम्हाला एकटे सोडतो, तुम्ही तुमच्या गावाचे नाव टाकता, आकडा चुकीचा वाटतो, आणि मागची चार पाने उलटून स्ट्रिंग म्हणजे काय ते परत वाचावे लागते. शिकणे होते ते तिथे.

तिसरा आक्षेप नवा आहे आणि चढ्या आवाजात येतो: चॅटजीपीटीला विचारले की झाले. बरोबर विचारले तर खरेच होते. लॉगिनचे पान मागा, बहुतेक वेळा ठीकठाक पान लिहून मिळते. पण काय मागायचे हे ज्याला ठाऊक त्याच्यासाठी ते साधन आहे. सेशन म्हणजे काय हेच ज्याला माहीत नाही, तो सेशनबद्दल कशाला विचारील? मी नवशिक्यांच्या मुलाखती घेतो. हल्ली प्रोजेक्ट सगळ्यांचेच चकचकीत असतात. पासवर्ड डेटाबेसमध्ये जसाच्या तसा का ठेवत नाहीस, असे विचारले की "तसंच असतं ना सर," एवढेच येते. कुठल्या प्रकरणाच्या आधी कुठले प्रकरण, हा क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो. नवशिक्याला लेखकाकडून हा क्रमच विकत घ्यायचा असतो.

इथपर्यंत पुस्तकाच्या शत्रूंचे झाले. त्याच्या मित्रांनी केलेले नुकसान मला जास्त मोठे वाटते.

पहिला मित्र जाडीवर भुलतो. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, पीएचपी, डेटाबेस, वर थोडे एक्सएमएल, सगळे एकाच बाडात. जितकी जाडी तितकी किंमत वसूल. असली बाडे प्रत्येक विषयाला उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडतात. दुसरा मित्र अभ्यासक्रमावर भुलतो. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीला युनिटवार बेतलेली, मागच्या प्रश्नपत्रिका सोडवून दिलेली पुस्तके सबमिशनच्या आठवड्यात देवासारखी धावून येतात. परीक्षेला त्यांचा उपयोग आहे, त्यांना कमी लेखत नाही. पण 'गेट आणि पोस्ट यांतील फरक सांगा, गुण ५' याचे उत्तर तक्त्यात पाठ करणाऱ्याला तो फरक ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये दाखव म्हटले तर घाम फुटतो. तिसरा मित्र प्रतिष्ठेवर भुलतो. डग्लस क्रॉकफर्ड यांचे जावास्क्रिप्टमधल्या चांगल्या भागांवरचे २००८चे पातळ पुस्तक मोठे आहे यात शंका नाही, पण ते भाषा येणाऱ्यासाठी आहे, आणि २०१५मध्ये भाषेत जी मोठी भर पडली तिच्या आधीचे आहे. डेव्हिड फ्लॅनगन यांचा जाडजूड ग्रंथ १९९६पासून आवृत्त्या घेत आला, २०२०मध्ये सातवी निघाली. तो संदर्भाला कपाटात असावा. पहिल्याच महिन्यात तो हातात दिला तर पोरगे पुन्हा पुस्तकाच्या वाटेला जाणार नाही.

आणि चौथा मित्र म्हणतो, "लोकलमध्ये रोज दीड तास जातोच, तेवढ्यात वाचून होईल." सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये हा गृहस्थ कधी चढला आहे का? आणि चढून, बसून, पुस्तक उघडलेच तरी प्रोग्रॅमिंगचे पुस्तक वाचून होत नसते. ते कीबोर्डाशेजारी उघडे ठेवायचे असते. प्रवासात कादंबरी वाचावी.

मग निवडायचे कसे? प्रकाशनाचे साल बघा, पण त्यावर निकाल देऊ नका. दुकानात उभ्या उभ्या एक पान काढा: फॉर्ममध्ये भरलेले नाव डेटाबेसमध्ये कसे जाते ते सांगणारे. आपल्या ठाणे-वसई भागात डिसोझा आणि डिमेलो काही कमी नाहीत. रोमन लिपीत ही आडनावे लिहिताना डीनंतर अपॉस्ट्रॉफी येते, आणि एसक्यूएलमध्ये मजकूर कुठे संपला हे तेच चिन्ह सांगते. लेखकाने नाव उचलून थेट क्वेरीत जोडले असेल तर डिसोझाबाईंनी फॉर्म भरताच क्वेरी मोडते. ती नुसती मोडली तर नशीब. त्याच फटीतून कोणी बाहेरचा माणूस स्वतःची क्वेरी आत सरकवतो आणि अख्खा तक्ता पळवतो. चांगला लेखक त्या जागी रिकामी खूण ठेवतो आणि नाव वेगळे पाठवतो. हे पान जिथे चुकले, ते पुस्तक गेल्या वर्षीचे असले तरी खाली ठेवा. त्याच प्रकरणात अक्षरसंचाबद्दल काही आहे का तेही बघा. २०१८च्या आठव्या आवृत्तीपर्यंत मायएसक्यूएल आपणहून लॅटिन अक्षरे धरून चालायचे. त्या काळच्या पुस्तकाबरहुकूम बांधलेल्या तक्त्यात 'ठाणे' घातले की अनेकदा चार प्रश्नचिन्हे परत येत. (चारच का, ते वर आलेच आहे.)

दुसरी कसोटी प्रकरणाच्या शेवटची. तिथे 'योग्य पर्याय निवडा' असेल तर ते परीक्षेचे पुस्तक. जे प्रश्न उत्तर न बघता सोडवायला संध्याकाळ लागावी असे असतील, तर ते शिकण्याचे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'ने महाराष्ट्रातल्या पोरांच्या पिढ्या घडवल्या. साधी भाषा हे त्याचे एक कारण, आणि प्रत्येक प्रकरणाखालची गणिते हे दुसरे. वेबसाठी तशा जातीचे पुस्तक मला मारेन हावरबेके यांच्या 'एलोक्वंट जावास्क्रिप्ट'मध्ये सापडते. चौथी आवृत्ती २०२४ची, आणि वेबवर पूर्ण पुस्तक लेखकानेच फुकट ठेवले आहे. सातव्या प्रकरणात गावभर टपाल वाटणारा यंत्रमानव लिहून घेतात. तो कमी फेऱ्यांत कसा वाटेल याच्या व्यायामात रविवार जातो. ते सोपे नाही. पाचव्या प्रकरणात फंक्शनलाच फंक्शन दिले जाऊ लागले की बरेच जण गळतात. म्हणून त्याच्या आधी डकेट घ्यावे, मांडणीचे प्रकरण वगळून. ग्रिड आणि फ्लेक्सबॉक्स मोझिलाच्या एमडीएनवर वाचावे. डकेटची काळी-पांढरी झेरॉक्स मात्र घेऊ नका. त्यात अर्धे शिकवणे रंगांनी केले आहे. तारेवरून पाकिटे कशी जातात याची हौस असेल तर अच्युत गोडबोले आणि अतुल कहाते यांचे 'वेब टेक्नॉलॉजीज' जुन्या आवृत्तीतही चालेल. टीसीपी-आयपीची प्रकरणे फारशी म्हातारी झालेली नाहीत.

"ही सगळी इंग्रजी पुस्तकं, मराठी माध्यमाच्या मुलांनी काय करायचं?" हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. मराठीत संगणकावर विपुल लिहिले गेले आहे, पण वेबसाठी व्यायामांसह भाषा शिकवणारे पुस्तक मी बिनदिक्कत हातात देईन असे नाही. त्यावर क्लास हा उपाय नव्हे. क्लासमध्येही स्लाइड इंग्रजीच असते. दोघांनी मिळून एकच पुस्तक घ्यावे. एकाने परिच्छेद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने तो मराठीत सांगावा, मग दोघांनी वेगवेगळ्या मशीनवर टाइप करावा. पुस्तकातली वाक्ये आखूड असतात आणि तीच ती शंभर शब्दांची भाषा फिरून येते. दोनतीन प्रकरणांनंतर इंग्रजी आडवे येत नाही. व्हिडिओतल्या भरधाव इंग्रजीपुढे हे करता येत नाही.

आणि वाचनालयांना एक विनंती. संगणकाचे पुस्तक लगेच जुने होते म्हणून ते घ्यायचेच नाही, हे धोरण कार्यकारिणीच्या बैठकीत शहाणपणाचे वाटत असेल. आवृत्तीचा आकडा शीर्षकात छापलेली पुस्तके खुशाल टाळा. भाषा, डेटाबेस आणि नेटवर्क यांवरच्या पुस्तकांच्या दोन दोन प्रती घ्या, आणि त्या ज्या टेबलावर वाचायच्या तिथे लॅपटॉप लावायला एक प्लग पॉइंट द्या.