झुरळाची लाज कुणाला?

पाहुणे बसलेले असताना ओट्यावरून झुरळ गेले, की घरातली बाई आधी पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे पाहते आणि मग झुरळाकडे. घरात माणसे चार असली, तरी स्वयंपाकघरातल्या किड्यांचा आळ तिच्या एकटीवर येतो. मला विचाराल तर हा आळ खोटा आहे. शिवाय त्या लाजेपोटी घाईघाईने जे विष घरात आणले जाते, ते किड्यांपेक्षा जास्त घातक असते.

डाळ-तांदळाचेच पाहा ना. तांदळातल्या टोक्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते, म्हणून वाण्याकडचा तांदूळ वरून स्वच्छ दिसतो. कडधान्याचा भुंगा तर शेतातल्या शेंगेवरच अंडी घालू लागतो. तेव्हा श्रावणात डबा उघडल्यावर जी फौज बाहेर पडते, ती पुष्कळदा धान्याबरोबरच घरात आलेली असते. यात आळशीपणा कुठे आला?

आपल्या आज्या हे शास्त्राच्या भाषेत सांगत नसत, पण उपाय नेमके करीत. वैशाखातले कडक ऊन, तूरडाळीला एरंडेलाचा हात, राखेत घोळवलेले कडधान्य. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की अंडे आतल्या आत गुदमरते. आता गच्ची पाण्याच्या टाक्यांनी अडवलेली, आणि वर्षाची बेगमी करणारेही थोडेच. मग महिन्यापुरतेच आणावे. रवा-मैदा चार-सहा दिवस फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेवून मग डब्यात भरावा.

तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची घरोघरची पद्धत मात्र मला मुळीच पटत नाही. ‘चांगला पाच पाण्यांनी धुतो की!’ असे म्हणतात. सकाळच्या डब्याच्या घाईत किती पाणी लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. याहून भयंकर म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्या गोदामांसाठी आणि जाणकारांच्या हातांसाठी आहेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. अशा घरात रात्री झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. कुणी आपुलकीने आणून दिल्या, तरी त्या घरात घेऊ नयेत.

आता झुरळे. मोठे तांबूस झुरळ बहुधा गटारातून, मोरीच्या नळीतून येते. खरा मुक्काम ठोकते ते लहान, पिवळट, मानेमागे दोन काळ्या पट्ट्या असलेले. शास्त्रज्ञ त्याला ‘जर्मन’ म्हणतात. हे नाव लिनियसने १७६७ साली दिले. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्याचे मूळ भारत-म्यानमारच्या परिसरात, सुमारे २१०० वर्षांपूर्वीचे निघाले. म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच!

याची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पिल्ले बाहेर पडायच्या बेतापर्यंत अंगाशी वागवते. फवाऱ्याने मादी मेली, तरी तयार झालेल्या पिशवीतली पिल्ले वाचू शकतात. शिवाय नेहमीच्या फवाऱ्यांना दाद न देणाऱ्या पिढ्या जगभर तयार झाल्या आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तर ग्लुकोजची शिसारी असलेली झुरळे नोंदवली. विषारी आमिष गोड होते. ते खाणारी मेली, न खाणारी उरली, आणि त्यांची पिल्लेही गोड नाकारू लागली. अशा जिवाशी डबाभर फवारा घेऊन लढायचे, आणि त्याच ओट्यावर तासाभराने पोळ्या लाटायच्या! खडूने विषारी रेघा ओढणाऱ्या घरात रांगते मूल असले, तर माझ्या पोटात गोळाच येतो.

बोरिकची खरी जागा तांदळात नसून कपाटामागच्या, मुलांचा हात न पोचणाऱ्या कोरड्या फटीत आहे. झुरळ मिशा आणि पाय चाटून स्वच्छ करते, तेव्हा ती भुकटी त्याच्या पोटात जाते. जेलचे बारीक ठिपके फटींत लावले तर त्याहून बरे. ते खाऊन मेलेल्याला दुसरी झुरळे खातात आणि तीही मरतात. मात्र जेलच्या जागी फवारा मारू नये, नाहीतर झुरळे जेलकडे फिरकत नाहीत. रात्री खरकटे आणि पाणी मिळू दिले नाही, तर निम्मे काम झाले. पाण्यावाचून झुरळ फार दिवस काढत नाही.

तरीही एकट्या घराने हे जमत नाही, कारण नळ्या आणि डक्ट सगळ्यांचे एकच. आपण फवारले की झुरळे शेजारी जातात, शेजाऱ्यांनी फवारले की परत येतात. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन-दोन तास वाद होतात. त्यातली दहा मिनिटे याला द्यावीत. सगळ्या घरांत एकाच दिवशी जेल लावावे, डक्टमधली गळती काढावी, मोऱ्यांना जाळ्या बसवाव्यात. खाली हॉटेल किंवा किराणा दुकान असेल, तर त्यालाही सामील करून घ्यावे. आणि हा विषय मांडायला घरातल्या पुरुषाने उठावे; रात्री दुधाचा पेला मोरीत तसाच ठेवणारा बहुधा तोच असतो.