आधी तिरडी, मग तपासणी!

खोकल्याचे औषध समजून आयांनी ज्या बाटलीतून पोटच्या लेकरांना नकळत विष पाजले, ती ‘कोल्ड्रिफ’ची बाटली तामिळनाडूतील कांचीपुरममध्ये भरली गेली, मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात विकली गेली आणि तिने मूत्रपिंडे निकामी केलेली कित्येक बालके अखेरच्या आशेने आमच्या नागपुरात आणली गेली. विसाहून अधिक कोवळे जीव २०२५ मध्ये असे हकनाक गेले. मग यंत्रणेला जाग आली आणि त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचा निष्कर्ष दोन-तीन दिवसांत हाती आला. मर्यादा ०.१ टक्का! प्रयोगशाळा होती, रसायनज्ञ होते, १९४० पासूनचा कायदा होता. मग जी परीक्षा बालकांच्या मृत्यूनंतर इतक्या तत्परतेने होऊ शकली, ती औषध कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी कोणी केली? कोणीही नाही.

महाराष्ट्राने यावर शेजाऱ्यांना उपदेश करण्याचे धाडस करू नये. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील व डोळ्यांतील दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच विष होते. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने मंत्र्यापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत साऱ्यांची लक्तरे वेशीवर टांगली, आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले, आणि तो अहवाल बासनात गेला.

अन्नाची कथा तर अधिकच निर्लज्ज! वर्षभर निद्रिस्त असलेले खाते दिवाळीच्या तोंडावर भेसळीच्या खव्यावर छापे घालते, छायाचित्रे छापून आणते. नमुन्याच्या अहवालाला कायद्याने १४ दिवसांची मुदत आहे. ती तंतोतंत पाळली तरी धनत्रयोदशीच्या पेढ्याचा निकाल तुळशीच्या लग्नाला लागतो. तोवर पेढा पोटात गेलेला असतो.

पन्नास औषध कारखान्यांमागे एक आणि दोनशे औषध दुकानांमागे एक निरीक्षक हवा, असे माशेलकर समितीने २००३ मध्येच बजावले होते. आज कोणत्या जिल्ह्यात किती निरीक्षक आहेत, किती पदे रिकामी आहेत आणि किती नमुने अहवालाविना पडून आहेत, हे संबंधित मंत्र्यांनी येत्या अधिवेशनात जिल्हावार सांगावे. सांगता येत नसेल, तर खुर्ची सोडावी.