तारप्यालाही माईक हवा!

गिटारच्या साधनांचे पुढे काय होणार, यावर आमच्या कट्ट्यावर पैजा लागतात. कोणी म्हणतो, जड अ‍ॅम्प्लिफायर जाऊन सारे आवाज मोबाईलात मावतील. तसे होऊही लागले आहे. मला मात्र गिटारच्या मागच्या गोष्टीत आमच्या वाणगावचे उद्याचे दिसते.

1930 च्या सुमारास अमेरिकेत बँडच्या गोंगाटात गिटार ऐकूच येईना. तेव्हा पोलादी तारांखाली चुंबकाचा पिकअप बसवला आणि गिटार तगली.

आज तारप्यावर तीच वेळ आहे. गेल्या दिवाळीत पाड्यावर नाच उभा राहिला आणि शेजारी डीजे सुरू झाला. आजाने थोडा वेळ फुंकले, मग मुकाट्याने तारपा कुडाला टेकवला.

तारप्यात तार नाही. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडपानांचा कर्णा! तिथे पिकअप चालणार नाही. वाजवणारा नाचाबरोबर फिरतो, म्हणून कर्ण्याशी छोटा बिनतारी माईक हवा.

जाणती माणसे म्हणतील, तारपा बाटेल. मित्रहो, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरचे वारली चित्र कागदावर आणले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र बाटले का?

शेजारच्या तारापूरला 1969 साली अणुवीज सुरू झाली. त्या विजेचा थोडा वाटा आजाच्या श्वासालाही मिळू दे. यंदाच्या स्नेहसंमेलनात पहिला माईक तारप्याला द्या. आजाला मी घेऊन येतो!