पॅनेलच्या मागची बाजू

नव्या विमानाच्या कॉकपिटमध्ये नजर आधी जाते ती रंगीत पडद्यांवर. काटेवाली जुनी उपकरणं गेली. दिशा, उंची, इंजिन, रेडिओ सगळं एकाच संचात आलं. पण तो बसवणाऱ्याचं खरं काम पॅनेलच्या मागे असतं: पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या, क्रिम्प केलेल्या पिना, शील्डचं अर्थिंग आणि वीज नेमकी कोणत्या बसवरून घ्यायची हा निर्णय.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचं एमडी-११ कॅनडात नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात कोसळलं. २२९ जण गेले. कॉकपिटच्या छतावरच्या पोकळीत आग लागली होती. मागाहून बसवलेल्या करमणूक यंत्रणेची जोडणी अशी होती, की केबिनची वीज तोडणारा स्विच दाबला तरी तिचा पुरवठा चालूच राही. तिच्या एका तारेवर ठिणगी उडाल्याच्या खुणा तपासात सापडल्या. आग पसरली ती ज्वलनशील इन्सुलेशनमुळे. आणि ही यंत्रणा विमान उडवायला लागतही नव्हती!

म्हणून या अंकात पडद्यांपेक्षा तारांना जास्त पानं दिली आहेत. वायरिंगच्या आकृत्या रटाळ वाटतील, तरी त्या वगळू नका.