भंगारात निघालेला शतांश सेकंद

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावासारख्या गावात एके काळी दिवसाचा हिशेब गाडीच्या शिट्टीवर चाले. मनगटी घड्याळ ही जावयाच्या मानाची वस्तू होती आणि ते बहुधा चावीचे, एचएमटीचे असे. पुढे अशाच गावांतील तरुणांच्या मनगटांवर काटे नसलेले, काळ्या पट्ट्याचे, बटण दाबताच सेकंदाचे शंभर भाग पळवून दाखविणारे डिजिटल घड्याळ आले. कुणाच्या आप्ताने आखातातून आणलेले, कुणी मुंबईच्या फुटपाथावर घासाघीस करून घेतलेले. ही घड्याळे जमविणाऱ्या हौशी मंडळींची आज थट्टा होते. ती अस्थानी आहे.

जुनी वस्तू म्हणजे पितळ, शिसव वा हस्तिदंत, अशी आपली समजूत आहे. तथापि पुण्यात दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास ज्या संग्रहास आरंभ केला, त्यातील दिवे आणि अडकित्ते हेही घरोघरचेच होते. प्लॅस्टिकला तो न्याय का नसावा?

१९७२ साली अमेरिकेत विक्रीस आलेले पहिले डिजिटल मनगटी घड्याळ, पल्सर, सोन्याचे होते व त्याची किंमत २,१०० डॉलर होती. १९८३ मध्ये कॅसिओने आणलेले जी-शॉक दहा मीटरवरून पडले तरी चालावे, या हट्टातून जन्मले; त्याचे कर्ते किकुओ इबे यांचे, वडिलांनी दिलेले घड्याळ पडून फुटले होते. अवघ्या अकरा वर्षांत धनिकांचा दागिना धावपटूचा सोबती झाला.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा हिचे कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले: ५५.४१ विरुद्ध ५५.४२. शतांश म्हणजे काय, हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळले. गंमत अशी की, शाळेच्या मैदानावर मनगटावरचे जे घड्याळ हाच शतांश दाखवी, तो बव्हंशी खोटा असे. डोळ्याने पाहून अंगठा दाबेपर्यंतच त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो; म्हणूनच हाताने घेतलेली वेळ शर्यतीच्या नियमांनुसार दशांशातच नोंदवितात. तरीही त्या आकड्यांनी ग्रामीण मुलांना कालच्या स्वतःशी स्पर्धा करावयास शिकविले. त्या घड्याळांचे खरे मोल येथे आहे.

म्हणूनच संग्राहकांचा एक कल खटकतो. डबा न उघडलेल्या, ओरखडा नसलेल्या नगासाठी वाटेल ती किंमत मोजावयाची आणि वापरलेले घड्याळ सुट्या भागांसाठी मोडावयाचे, हा व्यापार झाला. १९८९ चे एफ-९१डब्ल्यू तर आजही दुकानात नवे मिळते; त्याच्या कोरेपणाचे कौतुक ते काय? कुणी, कोणत्या मैदानावर वापरले, एवढी चिठ्ठी सोबत असलेला झिजलेला नग शतपट मोलाचा.

पितळ शतके टिकते. ही घड्याळे मात्र तशी टिकत नाहीत. पट्टा ठिसूळ होतो, पडदा काळवंडतो आणि आत विसरलेला सेल पाझरून सर्किट खातो. गावोगावच्या घड्याळजींच्या खणांत अजून काही नग पडून असतील. ते भंगारात जाण्यापूर्वी शाळांनी आणि संग्रहालयांनी मागून घ्यावेत, त्यांतील सेल आधी काढावेत आणि घड्याळजी हयात आहेत तोवर मालकांची नावे विचारून ठेवावीत.