'पुढे न्या'

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अत्यवस्थ रुग्णाच्या नातेवाइकांना दोन शब्द हमखास ऐकावे लागतात : 'पुढे न्या.' मुरबाडहून उल्हासनगर, तिथून कळवा, कळव्याहून मुंबई. या प्रवासात उपचार नेमके कुठे सुरू होतात?

ऑगस्ट २०२३मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाची तेव्हा पुनर्बांधणी चालू होती आणि कळव्यावर भार पडला होता. काही रुग्ण फार उशिरा आणले गेले, असाही खुलासा झाला. चर्चा झाली ती कळव्याची, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु हा 'उशीर' कुणाच्या खात्यावर मांडायचा, हे कुणी फारसे विचारले नाही.

मण्यार चावलेल्या माणसाचे श्वसनाचे स्नायू लुळे पडू लागतात. त्याला तातडीने हवे असते ते प्रतिविष आणि श्वास मंदावलाच तर कृत्रिम श्वासोच्छ्वास. याची सुरुवात ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातही करता येते. ती न करता रुग्णाला गाडीत घालणे म्हणजे त्याला रस्त्याच्या हवाली करणे होय. २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण ती उपचारांचा दुवा आहे, पर्याय नव्हे.

लहान जागी मोठे काम होत नाही, हा समज महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कधीच खोटा ठरवला आहे. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाल्यावर ते विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. त्यातूनच पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या औषधाचा उपयोग सिद्ध झाला, आणि सुमारे ४० टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

अर्थात, प्रत्येक डॉक्टरकडून अशा तपश्चर्येची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. भूलतज्ज्ञ नाही, रक्तसाठा नाही, रात्री हाताशी माणूस नाही, अशा ठिकाणी 'पुढे न्या' हे शब्द बेपर्वाईतून नव्हे, हतबलतेतून येतात. म्हणूनच जाब डॉक्टरला नव्हे, शासनाला विचारला पाहिजे. पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर दोन नोंदी सक्तीच्या कराव्यात : पाठवण्यापूर्वी काय केले, आणि काय नव्हते म्हणून करता आले नाही. दुसऱ्या नोंदीची वर्षभराची बेरीज दरवर्षी जिल्ह्यासमोर मांडली जावी.